‘तुमच्या रक्तातच आहे’ म्हणून सांगितलेलं गजकर्ण

आलेला प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ३४. तीन वर्षांपासून जांघेत, कमरेला आणि आता पोटावरही गजकर्ण. आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, चार वर्षांपासून आहे. वडिलांना साडेतीन वर्षं झाली. वहिनींना दोन वर्षं. आणि आता पाच वर्षांच्या मुलाच्या मांडीवर दोन महिन्यांपूर्वी चट्टा उठलाय. त्याच घरात राहणाऱ्या थोरल्या भावाला मात्र काहीच नाही. पत्नी सख्ख्या मामाची मुलगी. एका डॉक्टरांनी सांगून टाकलं, ‘हे तुमच्या रक्तातच आहे, आयुष्यभर राहणार.’ आता त्यांना विचारायचंय की बुरशीचा त्रास कुणाला कमी, कुणाला जास्त, हे जनुकांवर ठरतं का, जनुक तपासणी करावी का, आणि दुसरं मूल होऊ द्यावं की नको.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. गजकर्णापायी दुसऱ्या मुलाचा विचार सोडू नका. तुम्ही लिहिलंय त्यात तसं करण्याजोगं काहीही नाही.

मी सांगलीत गेली सव्वीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. ‘आमच्याकडे पिढीजात आहे’ हे वाक्य पावसाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं. म्हणणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. बुरशी आणि जनुकं यांचं नातं खरं आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यातलं बरंच उलगडलंय. फक्त ते नातं ज्या घरात असतं, तिथलं चित्र तुमच्या घरासारखं दिसत नाही.

तुम्ही वंशावळ लिहून पाठवलीत. मी तिच्या शेजारी कॅलेंडर ठेवून वाचली. जनुकातली चूक जन्मासोबत येते. तुमच्या आजी त्याच रक्तानिशी सत्तर वर्षं जगल्या, चार मुलं वाढवली, भांगलणीला गेल्या, आणि गजकर्ण आलं ते चार वर्षांपूर्वी. मग सहा महिन्यांनी वडिलांना, पुढे सहा महिन्यांनी तुम्हाला, वर्षभरानं वहिनींना. हा क्रम पिढ्यांचा नाही, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा आहे. आणि वहिनी तर दुसऱ्या घरच्या. त्यांच्यात तुमचं रक्त नाही, पण पंचा, चादर आणि वॉशिंग मशीन तुमचंच. घरात रक्ताचं नातं नसलेल्या माणसाला तोच रोग झाला, की मी आधी संसर्ग धरते. तुमच्या पत्नीचा दाखला या कामी चालला नसता, कारण त्या नात्यातल्याच. वहिनींमुळे उलगडा झाला.

आता चट्ट्याकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कमरेवर एकात एक अशी तीन वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. हा फोटो पाहून मी क्षणभर थांबले, कारण पुस्तकात हे चित्र एका वेगळ्याच रोगाखाली असतं: टिनिया इम्ब्रिकाटा. पापुआ न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर ट्रायकोफायटन कॉन्सेंट्रिकम नावाची बुरशी तो घडवते. अंगभर वर्तुळात वर्तुळं, कौलं रचल्यासारखे पापुद्रे. एकाच झोपडीत, एकाच चटईवर निजणाऱ्या भावंडांत एकाचं अंग भरलेलं, दुसरा स्वच्छ. १९७७ मध्ये तिथल्या घराण्यांचा अभ्यास करून संशोधकांनी मांडलं की हा रोग होण्याचा कल आनुवंशिक आहे, आणि तोही आई-बाप दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आली तरच. बुरशी सगळ्यांच्या वाट्याला येते, पण ती मुक्काम कुणाच्या अंगावर ठोकणार हे जनुक ठरवतं. असं ठामपणे सुचवणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणांतलं हे एक.

तीच वर्तुळं आता सांगली-मिरजेत मी आठवड्याला पाहते. ही बुरशी कॉन्सेंट्रिकम नव्हे आणि कारणही जनुक नव्हे. कारण तुमच्या खिशात आहे. मेडिकलमधून शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी ती ट्यूब, जिच्यात बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड एकत्र घोटलेलं असतं. लावलं की दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, माणूस खूश. स्टेरॉइड तिथल्या त्वचेची प्रतिकारशक्ती झोपवतं. बुरशी जिवंतच राहते. ट्यूब थांबवली की शरीर जागं होतं आणि एक कडा उठते. परत लावली की झोपतं. परत थांबवली की त्याच्या आत नवी कडा. अशी वर्तुळात वर्तुळं पडतात. तिकडे जे काम जनुकानं केलं, ते इथं ट्यूबनं केलं. म्हणजे स्टेरॉइडनं तुम्ही स्वतःच्या कातडीच्या त्या टीचभर जागेत प्रतिकारशक्तीचा रोग तयार केलात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून त्यांना अनुसूची एच लावली. कागदावर ती आजही लागू आहे. दुकानात काय होतं ते तुम्हीच मला सांगाल.

मग खरी जनुकं कुठं येतात? हे समजायला म्हैसाळ योजना डोळ्यांसमोर आणा. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलतात, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, करत करत ते कवठेमहांकाळ, जतकडे जातं. शरीरातली बुरशीची बातमीही अशीच टप्प्याटप्प्यानं चढते. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखर असते. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचं प्रथिन बसलेलं असतं, ते ही साखर ओळखतं. हा झाला नदीकाठचा पहिला उपसा. तिथून बातमी पेशीच्या आत कार्ड-९ नावाच्या प्रथिनाकडे जाते, हे मधलं मोठं पंपघर. कार्ड-९ चालू झालं की पेशी असे संदेश सोडते की टी-एच-१७ जातीच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात, त्या आयएल-१७ आणि आयएल-२२ ही रसायनं सोडतात, आणि शेवटच्या चारीतून पाणी शेतात पडावं तसा त्यांचा परिणाम कातडीवर, तोंडाच्या अस्तरावर होतो: तिथल्या पेशी बुरशी मारणारी छोटी प्रथिनं बनवतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना हाक मारतात.

कुठला टप्पा बंद पडला यावर दुष्काळ कुठं आणि किती, ते ठरतं.

पहिल्या उपशाचं उदाहरण २००९ मध्ये नेदरलँड्समधून आलं. एका कुटुंबातल्या बायकांना वारंवार अंगावरून पांढरं जायचं आणि नखांना बुरशी लागायची. त्यांच्या डेक्टिन-१ च्या जनुकात अशी चूक निघाली की प्रथिन अर्धवटच बनत होतं. त्रास होता, पण जिवावर बेतणारा नव्हता. कारण काठावर पंप एकटा डेक्टिन-१ चा नसतो. डेक्टिन-२ आहे, इतर आहेत, ते थोडंफार पाणी उचलतात. युरोपात कितीतरी धडधाकट माणसं ही चूक घेऊन फिरतात आणि त्यांना नखाची बुरशीसुद्धा नसते. जनुक सापडलं म्हणजे रोग ठरला असं समजणाऱ्यांसाठी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मधलं पंपघर बंद पडलं तर मात्र गोष्ट वेगळी. त्याच वर्षी इराणमधल्या, नात्यात लग्नं झालेल्या एका मोठ्या कुटुंबात कार्ड-९ चा दोष सापडला. पुढे २०१३ मध्ये अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातल्या आठ कुटुंबांतले सतरा रुग्ण एकत्र अभ्यासले गेले. त्यांना झालेली बुरशी कुठली होती? ट्रायकोफायटन रुब्रम आणि व्हायोलेशियम, म्हणजे गजकर्णाचीच. तुमच्या-माझ्या अंगावर ही बुरशी कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरातच चरते; खाली जिवंत थरात पाऊल टाकलं की मार खाते. या रुग्णांत ती खाली उतरली, गाठी केल्या, जखमा केल्या, लसिकाग्रंथींत शिरली. सतरांपैकी चार जण तिशी-चाळिशीच्या आतच गेले. गजकर्णानं माणूस जातो हे सांगितलं तर आमच्या ओपीडीत लोक हसतील, पण जातो, फारच क्वचित. आणि या रुग्णांची आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की जंतू किंवा विषाणूंशी त्यांचं शरीर एरवी बरं लढतं. फक्त बुरशीपुढे हात टेकतं.

शेवटच्या चारीतल्या दोषांचा शोध २०११ चा. आयएल-१७ च्या साखळीतल्या जनुकांत चूक असलेली मुलं सापडली, आणि स्टॅट-१ नावाच्या जनुकाचा दोषही कळला. यात प्रथिन बंद नसतं, उलट अति चालतं आणि टी-एच-१७ पेशी तयार होऊ देत नाही. अशा माणसांना गजकर्णापेक्षा कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीचा त्रास जास्त: लहानपणापासून तोंडात पांढरा थर, नखं जाड आणि वेडीवाकडी, पुन्हा पुन्हा. आयएल-१७ एवढं महत्त्वाचं आहे याचा पुरावा आम्ही डॉक्टर आता रोज स्वतःच तयार करतो. सोरायसिसला आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं देतो, आणि त्यातल्या काहींच्या तोंडात कॅन्डिडा येते. चारी आम्हीच बुजवलेली असते, तेव्हा आश्चर्य कसलं.

इथं माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांची मुलगी यायची. हातापायांची सात नखं जाड, पिवळी, जिभेवर पांढरं. मी शुगर तपासली, एचआयव्ही तपासली, दोन्ही ठीक. फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध दिलं, बरी झाली. तीन महिन्यांनी परत. परत दिलं. असं दोन वर्षं. ‘पाण्यात हात घालू नकोस, हातमोजे घाल,’ असं मी तिला दर खेपेला ऐकवत होते आणि ती बिचारी मान हलवत होती. एकदा तिच्याबरोबर आई आली आणि सहज म्हणाली, ‘हिचं तोंड तर सहा महिन्यांची असल्यापासून असंच येतंय, अंगावर पिताना माझीपण छाती भेगाळायची.’ मी दोन वर्षांत हा एक प्रश्न विचारला नव्हता. थायरॉइड तपासलं तर तेही बिघडलेलं. पुढे मोठ्या शहरात जनुक तपासणी झाली आणि स्टॅट-१ निघालं. आई-वडील, आजी-आजोबा कुणालाच काही नव्हतं. चूक तिच्यातच नव्यानं झालेली. नात्यातलं लग्न नव्हतं, पिढीजात काही नव्हतं, घरात ती एकटी. तुमच्या घराच्या अगदी उलटं चित्र, आणि रक्तातलं होतं ते तिचं.

आता मामाच्या मुलीचं. तो प्रश्न तुम्ही शेवटी, जरा दबकत लिहिलाय असं वाटलं. आपल्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानणारी घरं अजून भरपूर आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. कार्ड-९ सारख्या रोगात दोन्ही प्रती सदोष लागतात. एक सदोष प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. तुमच्या आईचे आई-वडील तेच तुमच्या पत्नीचे आजी-आजोबा. समजा त्या आजोबांकडे अशी एक सदोष प्रत होती. ती तुमच्या आईकडे येण्याची शक्यता निम्मी, आईकडून तुमच्याकडे परत निम्मी. तिकडून मामांकडे निम्मी, मामांकडून तुमच्या पत्नीकडे निम्मी. दोघांकडे पोचलीच, तर मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता पाव. सगळं गुणलं की ६४ मध्ये एक. आजोबांकडे ती प्रत असलीच तर, हे विसरू नका. परक्या घरची मुलगी केली असती तर दोघांकडे तीच दुर्मीळ चूक असण्याची शक्यता यापेक्षा कितीतरी कमी, म्हणून नात्यातल्या लग्नांत असे रोग जास्त दिसतात. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी जुळत नाहीत. एक, गजकर्ण वडिलांकडच्या आजीला आहे, आणि तुमचं-पत्नीचं सामायिक रक्त आईकडचं आहे. त्या बाजूला तुम्ही कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. दोन, दोन प्रती लागणारा रोग सहसा आजी, बाप, मुलगा, नातू असा पायऱ्या उतरत येत नाही. तो मध्येच एका फळीत, भावंडांमध्ये उगवतो. नात्यातल्या लग्नाचा सल्ला दुसऱ्या मुलाच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जरूर घ्या, थॅलेसेमियासारख्या गोष्टींसाठी तो कामाचा आहे. गजकर्णासाठी नको.

राहिले तुमचे दादा. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला हाच सगळ्यात मजेदार माणूस. बायकोला दोन वर्षं गजकर्ण, अंथरूण एक, आणि याला टिकलीएवढा चट्टा नाही. यातलं काही साधं आहे. ते बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दिवसभर थंडाव्यात, घाम नाही. तुम्ही मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पावसात, अंगात ओला शर्ट आणि वरून प्लॅस्टिकचा कोट घालून फवारणी करता. जांघेत तेव्हा जे हवामान असतं त्याचा हेवा द्राक्षावरच्या भुरीच्या बुरशीलाही वाटेल. पण सगळं घामावर ढकलता येत नाही. सांगलीच्या तालमींत हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. एकाच मातीत, एकमेकांच्या अंगावर अंग घासणारे पंधरा पोरगे, एकाला चट्टा उठला की महिन्यात आठ-नऊ जणांना होतो, आणि दोघं-तिघं मात्र कोरडेच. त्यातले काही असे की चट्टा उठतो, लालबुंद होतो, फुगतो, आठ-दहा दिवसांत आपोआप विझतो. त्यांची त्वचा बुरशीला जोरात ओळखते, भडका उडवते आणि हाकलून लावते. उलट काहींच्या अंगावर बुरशी आली तरी शरीराला फारसा राग येत नाही; चट्टा फिकट, पसरट, वर्षानुवर्षं नांदतो. दमा, सर्दीची ॲलर्जी, लहानपणीचा इसब असा ॲटोपीचा कल असलेल्यांत ही दुसरी तऱ्हा जास्त दिसते, आणि ॲटोपी बऱ्याच अंशी घराण्यातून येते.

इथं जनुकं आहेतच, पण एक नाही, अनेक, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्वचेचं कवच बांधणारं फिलॅग्रिन हे एक. त्याच्या जनुकात चूक असली की तळहातावर रेषा दाट, पिंढऱ्यांची कातडी कोरडी-खवलेदार, आणि इसबाचा कल. कवच कच्चं असलं की बाहेरच्याला शिरकाव सोपा. पेशींची ओळख पटवणारी एचएलए जनुकं हे दुसरं. नखांच्या बुरशीबद्दल १९९६ मध्ये नार्डो झायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुब्रमची नखबुरशी काही घराण्यांत बापाकडून मुलाकडे अशी चालते, जणू एक प्रत पुरेशी असावी. तुमच्या घरी कुणाची नखं खराब आहेत का ते लिहिलं नाहीत. आजींच्या पायाची नखं जरूर बघा, कारण जनुक असो वा नसो, ते नख बुरशीचं कोठार असतं आणि तिथून ती घरभर परत परत वाटली जाते. शिबं, ती पाठीवरची पांढुरकी, त्यातही घराण्याचा कल दिसतो. पण या कशासाठीच रक्त तपासून ‘तुम्हाला गजकर्ण इतके टक्के होणार’ असं सांगणारी विश्वासार्ह तपासणी नाही. घरी किट मागवून थुंकी पाठवायच्या जाहिराती दिसतात त्यात पैसे घालू नका. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाला दोन-दोन पंचे येतील.

जनुकं केवळ कातडीपुरती नाहीत. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाच्या रोगात पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात पण मारू शकत नाहीत, कारण मारायचं रसायन बनवणारं यंत्रच जन्मतः मोडकं असतं. बहुतेक मुलगेच, आणि शेणखत-पाचटाच्या धुळीतली ॲस्परजिलस ही बुरशी त्यांच्या फुप्फुसात घर करते. गंमत म्हणजे गजकर्णाचा त्यांना विशेष त्रास नसतो. प्रत्येक मोडलेलं जनुक वेगळं दार उघडं टाकतं. ॲस्परजिलसचाच आणखी एक किस्सा: अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांत हा संसर्ग कुणाला होणार हे पाहताना २०१४ मध्ये पीटीएक्स-३ नावाच्या जनुकाचा संबंध दिसला, पण रुग्णाच्या नव्हे, मज्जा देणाऱ्याच्या. लढणाऱ्या पेशी त्याच्या, म्हणून जनुकही त्याचं. आणि २०२१ ची काळी बुरशी कोण विसरेल. जूनअखेर देशात ४० हजारांवर रुग्ण झाले होते. तेव्हाही लोकांनी विचारलं, आपल्याच लोकांना का? या काळ्या बुरशीला, म्हणजे म्युकरला, खास बळी पाडणारं असं एक जनुक काही सापडलं नाही. बेसुमार वाढलेली शुगर आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड, या दोघींनी मिळून बहुतेक घात केला. त्यातली शुगर मात्र आपल्याकडे घराण्यातून येते, त्यामुळे ‘रक्तातलं’ असलंच तर ते तिथं होतं. तुमची आणि वडिलांची शेवटची शुगर कधी झाली?

आता बुरशीच्या जनुकांबद्दल, कारण तुमच्या घरी मला तुमच्या रक्तापेक्षा तिच्या रक्ताचा संशय जास्त आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात पसरलेली गजकर्णाची जात जुनी राहिलेली नाही. जपानमधल्या संशोधकांनी तिथं राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या अंगावरून ती वेगळी काढली आणि २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. नावात आपणच आहोत. टर्बिनाफिन ही गोळी बुरशीच्या ज्या प्रथिनावर घाव घालते, ते प्रथिनच हिच्यातल्या पुष्कळ वाणांत बदललंय, त्यामुळे पूर्वी दोन-तीन आठवड्यांत विझणारं गजकर्ण आता महिनोन्‌महिने हटत नाही, आणि घरात झपाट्यानं फिरतं. हे तुम्हाला मी काय समजावणार. एकच औषध पाठोपाठ मारलं की भुरी दाद देत नाही, मग तुम्ही गट बदलता. बागेत मारता ते हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल आणि आम्ही देतो ते इट्राकोनॅझोल एकाच भावकीतली औषधं आहेत. अर्धवट डोस, मधेच बंद, परत दोन गोळ्या, ही चूक बागेत तुम्ही करणार नाही. स्वतःच्या अंगावर तीन वर्षं तेच चाललंय.

जनुक तपासणी मी कधी सुचवते तेही सांगते. मूल वर्षाचं व्हायच्या आतच तोंडात पांढरं येऊ लागलं आणि पुढं कधी पूर्ण थांबलंच नाही. गजकर्णाच्या जागी गाठी, खोल जखमा, बगलेत-मानेत गुठळ्या. डोक्याची किंवा नखांची बुरशी, जी योग्य औषध पुऱ्या मुदतीत घेऊनही बधत नाही, आणि सोबत थायरॉइड, कॅल्शियम कमी, सतत गळवं किंवा न्यूमोनिया. लहान वयात मेंदूत, हाडात, फुप्फुसात बुरशी आणि शुगर नाही, एचआयव्ही नाही. आई-वडील नात्यातले आणि एखादं भावंड असंच गेलेलं. यातलं काही दिसलं की एक्झोम तपासणीचा, म्हणजे एकाच वेळी जवळपास सगळी जनुकं वाचण्याचा, खर्च सार्थकी लागतो, कारण मग उपचार बदलतात. स्टॅट-१ च्या दोषात रुक्सोलिटिनिबसारखी औषधं वापरली गेलीत, काही रोगांत अस्थिमज्जा बदलतात, आणि घरातल्या इतरांना वेळेत सावध करता येतं. तुमच्या मुलाच्या मांडीवर दोन महिन्यांचा एक चट्टा आहे, तोंड स्वच्छ आहे, वजन-उंची ठीक आहे. त्याला तपासणी नको, मलम पुरेल. तुमची ट्यूब तेवढी त्याला लावू नका. लहान मुलाच्या जांघेत क्लोबेटासॉल म्हणजे कातडी पातळ होऊन कायमचे वळ उठायची भीती.

उपचार इथं लिहून देता येणार नाहीत, पण रीत सांगते. घरातल्या पाचही जणांना एकाच वेळी औषध सुरू झालं पाहिजे. एक राहिला तरी सहा महिन्यांत आपण परत इथंच. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आणि ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ती आधी सांगायची, कारण तिच्यामुळे कॅप्सूल अंगी लागत नाही. वडिलांना हृदयाचा त्रास असेल किंवा कोलेस्ट्रॉलची गोळी असेल तर हे औषध त्यांना चालेलच असं नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही औषध चालू राहतं, किती दिवस ते तपासून ठरतं. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात. आजी आणि वहिनींच्या परकराच्या नाडीखाली चट्टा असेल, तर नाडीही रोज बदलायची. ती सहसा कुणी धूतच नाही.

सांगलीला या तेव्हा पाचही जण एकत्र या, दादांनाही आणा. मी चट्ट्याच्या कडेवरून ब्लेडनं हलकंसं खरवडते, ते पिठासारखे कण काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते, दहा-पंधरा मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली धरते. बुरशी असली तर पेशींच्या फरशीवरून फांद्या फुटत गेलेले काचेचे दोरे दिसतात, तुम्हालाही दाखवीन. पण अंगाला औषध लागलेलं असलं की हे दोरे दिसत नाहीत, म्हणून यायच्या आधी आठ-दहा दिवस काही म्हणजे काही लावू नका. ट्यूब बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खाज भडकेल, लाल होईल. गार पाण्याची पट्टी ठेवा आणि तग धरा. आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या, अर्ध्या, पिळून संपलेल्या, एका पिशवीत घालून सोबत आणा.